निकितिनचा घोडा, छत्तीस चौकटी: एका छायाचित्र-प्रदर्शनाच्या मांडणीचे प्रकरण

पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन व्होल्गा नदीने निघाला. कॅस्पियन समुद्र ओलांडून तो इराणात उतरला, होर्मुझला एक घोडा घेऊन जहाजात चढला आणि चौलच्या बंदरात आला. तिथून पाली, उमरी, जुन्नर, मग बीदर, आणि परतीला दाभोळ. त्याची टिपणे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखली जातात. व्हास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्या पंचवीसएक वर्षे आधीची ही गोष्ट. कोकण आणि घाटमाथ्याची पंधराव्या शतकातली इतकी जवळून पाहिलेली वर्णने फार थोडी आहेत.

या वाटेवरचे छायाचित्र-प्रदर्शन कसे उभे करायचे, ते एका ठरावीक परिस्थितीत इथे मांडले आहे. परिस्थिती कामापुरती धरलेली आहे, पण आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाला जुळणारी. जुन्नरसारख्या गावात शाळेच्या किंवा वाचनालयाच्या दोन खोल्या आहेत, एक १२ बाय ६ मीटर, दुसरी ९ बाय ६. दोन्हींचा घेर मिळून ६६ मीटर. दारे, खिडक्या, कपाटे आणि ओल आलेला कोपरा वगळला की लटकवण्याजोगी भिंत उरते ४८ मीटर. छत ३ मीटर उंच आहे. पाहायला येणार शाळेची मुले, शिक्षक, गड फिरणारी तरुण मंडळी आणि गावातली जाणती माणसे. प्रदर्शन उघडायचे आहे जूनअखेर, कारण निकितिन जुन्नरला पोहोचला तो काळही तोच. या तारखेने काम अवघड होते, तरी ती बदलू नये. कारण पुढे येईलच.

आधी पंचांग

अशा प्रदर्शनात पहिली चूक नकाशा उघडून बसण्याची होते. नकाशावर गावे दिसतात, गावांत स्मारके दिसतात, आणि प्रदर्शन स्मारकांचे होऊन जाते. निकितिनने मात्र अंतरे मैलांत दिलेली नाहीत. तो मुख्यतः दिवस मोजतो, आणि ते दिवस ख्रिस्ती सणांना बांधतो. म्हणून आधी त्याचे पंचांग लावायचे.

होर्मुझहून तो ईस्टरनंतर साधारण आठवड्याने निघाला आणि सहा आठवडे समुद्रात होता. म्हणजे चौलला आला ईस्टरनंतर सातव्या आठवड्यात. ट्रिनिटीचा सण ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो. आणि तो स्वतः लिहितो की इकडचा ‘हिवाळा’ ट्रिनिटीपासून सुरू झाला, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. त्याचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा.

साल कोणते, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. जुन्या मताने तो १४६९ मध्ये भारतात आला. सोव्हिएत संशोधक सेम्योनोव यांच्या मांडणीने १४७१ मध्ये. दोन्ही सालांचे गणित करून पाहावे. १४६९ चा ईस्टर जुन्या ज्युलियन पंचांगाने २ एप्रिलला होता, म्हणून ट्रिनिटी २१ मे. त्या शतकात जुन्या आणि आजच्या पंचांगांत फरक ९ दिवसांचा, तेव्हा आजच्या पंचांगाने ३० मे. १४७१ चा ईस्टर १४ एप्रिल, ट्रिनिटी २ जून, आजच्या हिशेबाने ११ जून. कोकणात मृगाचा पाऊस येतो त्याच सुमाराची ही तारीख. या एका जुळणीवर साल ठरवता येणार नाही, पण कोणतेही साल धरले तरी एक गोष्ट पक्की राहते. चौल ते जुन्नर ही वाट तो ऐन पावसात चालला.

आता त्याचे आकडे घ्या. चौल ते पाली ८ दिवस, पाली ते उमरी १० दिवस, उमरी ते जुन्नर आठवडाभर. पाली म्हणजे सुधागड तालुक्यातली पाली धरली, तर चौलहून ती रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर. कोरड्या दिवसांत माणूस हे अंतर तीन दिवसांत सहज तोडेल. आठ दिवस का लागले असतील, ते आषाढात रोह्याकडच्या शेतांतून एकदा चालून पाहिले की समजते. घोट्यापर्यंत चिखल, तुंबलेल्या पऱ्ह्या, आणि हातात एका महागड्या घोड्याची दोरी. हा घोडा त्याला १०० रुबलला पडला होता.

प्रदर्शनाचा कणा इथेच सापडतो. धागा दोन गोष्टींचा: पाऊस आणि घोडा. म्हणूनच चौल ते जुन्नर हा भाग हिवाळ्यातल्या निळ्या आकाशाखाली टिपलेला चालणार नाही, चित्र कितीही देखणे आले तरी.

छत्तीस चौकटी कुठून आल्या

चित्राचा आकार २० बाय ३० इंच ठरवला. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० बिंदूंची असते, ३० इंचांत ती इंचाला २०० बिंदू देते. मीटरभरावरून पाहायला तेवढे पुरते. चोहोबाजूंनी ६ सेंटीमीटर माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) आणि २ सेंटीमीटरची पट्टी धरली की चौकट बाहेरून ९२ बाय ६७ सेंटीमीटर होते. २४ आडव्या आणि १२ उभ्या चौकटींना ३० मीटर भिंत लागते. प्रत्येकीमागे २५ सेंटीमीटर मोकळे सोडले की आणखी ९. एकूण ३९. उरलेल्या ९ मीटरांत २.४ मीटरचा नकाशा, ९० सेंटीमीटरचे चार मजकूर-फलक, एक रिकामी चौकट (तिच्याविषयी पुढे) आणि कोपऱ्यांचा श्वास. यापेक्षा जास्त चित्रे कोंबायचा मोह होईल. पन्नास लावली की लोक विसाव्यापासून नुसते चालत सुटतात.

वाटणी अशी: व्होल्गा आणि कॅस्पियन ७, इराण आणि होर्मुझ ७, समुद्र ३, चौल ते जुन्नर ८, बीदर, आळंद आणि श्रीशैल मिळून ७, दाभोळ आणि परतीची वाट ४. अंतराच्या हिशेबाने हे विषम दिसेल, पण टिपणांत सर्वांत जास्त जागा भारतालाच आहे. शिवाय पाहणारा जुन्नरचा आहे.

परदेशातली बरीच चित्रे तिथल्या छायाचित्रकारांकडून किंवा मुक्त परवान्याच्या संग्रहांतून घ्यावी लागतात. परवाना लेखी हवा आणि त्यात आकार, स्थळ, मुदत आणि समाजमाध्यमांवरचा वापर या चारही गोष्टी स्पष्ट हव्यात. मुक्त परवान्याच्या चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचे नाव दोन्ही छापावे लागतात, नुसते ‘इंटरनेटवरून साभार’ चालत नाही. फाइल मागवताना मूळ आकाराची मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले चित्र पडद्यावर छान दिसते आणि ३० इंचांवर चिखल होते.

छाननी: हे तेव्हा होते का?

निवडीचा सगळा कस इथे लागतो. प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारायचा: निकितिनने हे पाहिले असते का? उत्तरानुसार चौकटीखाली लहान रंगीत ठिपका लावायचा. हिरवा म्हणजे त्याच्या वेळचे, पिवळा म्हणजे नंतरचे पण त्याच जागचे, निळा म्हणजे आजचे जीवन.

ही चाळणी लावली की सर्वांत देखणी चित्रे आधी गळतात. चौलला लागून असलेल्या रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांचे, सोळाव्या शतकातले. होर्मुझ बेटावरचा लाल किल्लाही पोर्तुगीजांचाच, १५०७ नंतरचा. दाभोळची घुमटाची देखणी मशीद सतराव्या शतकातली. बाकूजवळचे अग्निमंदिर आजच्या रूपात सतराव्या-अठराव्या शतकातले आहे, निकितिनने मात्र बाकूची न विझणारी आग एवढेच नोंदवले आहे. तेव्हा मंदिराऐवजी जमिनीतून पेटत्या वायूचे चित्र लावावे. बाकूतला शिर्वानशाह राजांचा वाडा पंधराव्या शतकातला आहे, तो निःशंक हिरवा. दर्बंदची तटबंदी त्याच्याही कित्येक शतके आधीची, यझ्दच्या जामा मशिदीचे उंच द्वार चौदाव्या शतकातले. ही चालतात.

सर्वांत फसवे ठिकाण आहे काल्याझिन. व्होल्गाच्या पाण्यात एकटा उभा असलेला घंटामनोरा जगभर छापला जातो. निकितिन काल्याझिनच्या मठात थांबला होता हे खरे, म्हणून मनोरा पाहताच हात शिवशिवतात. पण तो मनोरा १८०० च्या सुमारास बांधलेला, दुसऱ्याच चर्चचा. निकितिन गेला तो ट्रिनिटी मठ समोरच्या काठावर होता, आणि १९४० च्या सुमारास उग्लिचचे धरण भरले तेव्हा त्याची जागाही पाण्याखाली गेली. मनोऱ्याचे चित्र लावायचेच तर पिवळ्या ठिपक्याने, आणि ओळीत हे सगळे लिहून. धरणाने गाव जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

बीदरला उलट अनुभव येतो. बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा १४७२ च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे निकितिन दख्खनमध्ये होता त्याच वर्षांत तो उभा राहत होता. त्याचे निळे-पिवळे टाइल-काम इराणी पद्धतीचे. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या दारूच्या स्फोटात त्याची एक बाजू कोसळली. इथे अख्ख्या दर्शनी भागाचे चित्र नको. उरलेल्या मिनारावरची हातभर टाइल जवळून घ्यावी आणि ती यझ्दच्या टाइलशेजारी लावावी. दोन चौकटी शेजारी आल्या की दख्खन आणि इराणचे नाते कोणत्याही फलकाशिवाय दिसते. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे आणि प्रत्येक दारात शंभर पहारेकरी, शंभर कारकून, असे निकितिन लिहितो. त्या ओळीला किल्ल्याच्या दरवाजांच्या रांगेचे चित्र पुरते.

श्रीशैलला तो शिवरात्रीच्या यात्रेत गेला. देवळाविषयी लिहिताना त्याने मापाला आपले गाव घेतले: अर्ध्या त्वेरएवढे, सगळे दगडी, भोवती कोरीव चित्रांचे बारा पट्टे. श्रीशैलच्या प्राकाराच्या भिंतीवर आजही कोरीव पट्टे आहेत. सकाळी कोवळे ऊन भिंतीला घासून जाते तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात ते उठून दिसतात, दुपारी सपाट होतात. देवस्थानची परवानगी आधी घ्यावी लागते.

आळंदच्या जत्रेची अडचण वेगळी. हे आळंद कलबुर्गीकडचे, शेख अलाउद्दीनच्या उरुसाचे, आपली आळंदी नव्हे. तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात असे निकितिन सांगतो. आज घोडेबाजाराचे चित्र हवे म्हणून कोणीतरी सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेचे फोटो सुचवेल. चित्रे जिवंत असतात, पण ही ठिकाणे त्याच्या वाटेवर नाहीत. एकच घ्यावे, निळ्या ठिपक्याने, आणि गावाचे नाव चित्राच्या ओळीत पहिल्या शब्दाला.

आणि उमरी. हे गाव नेमके कोणते, यावर एकमत नाही. त्या जागी चौकट लावायची, माउंट लावायचे, आणि आत कोरा कागद ठेवायचा. खाली लिहायचे: पालीपासून १० दिवस, जुन्नरपासून आठवडाभर. रिकाम्या चौकटीसमोर लोक सर्वांत जास्त थांबतील असे आमचे मत आहे, आणि जुन्नर-मावळातल्या एखाद्या म्हाताऱ्याने तिथे एखाद्या गावाचे नाव सुचवले तर ते लिहून घ्यायला शेजारी वही हवी.

शिवनेरीची एक चौकट

जुन्नरच्या गडाविषयी निकितिन लिहितो की शहर दगडी बेटासारख्या खडकावर आहे, माणसाने घडवलेले नाही, देवाने केलेले. वर जायची वाट अरुंद, एका वेळी एकच माणूस चढतो, दोघे मावत नाहीत. शिवनेरीला हे चपखल बसते. शिवनेरी म्हटले की आपल्या मनात १६३० आणि शिवजन्म येतो, आणि यायलाच हवा. म्हणूनच फलकावर ठळक हवे की हे वर्णन त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीचे, बहमनी अंमलातले आहे, तेव्हा इथे अंमल असद खानाचा होता.

चित्र सात दरवाजांच्या पायवाटेचे घ्यायचे नाही, त्या वाटेवर आज शाळेची अख्खी सहल मावते. घ्यायची साखळीची वाट. कातळात खोदलेल्या पायऱ्या, बाजूला खोल दरी, आणि एकट्या माणसाची पाठ. पावसात ही वाट निसरडी आणि धोक्याची असते. म्हणून चित्र वर चढून न घेता खालून, लांब भिंगाने, पाऊस थांबलेल्या तासात घ्यावे आणि चढणारा माणूस साखळीच्या वाटेचा सराव असलेला असावा. तिवई आणि ड्रोन यांना पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, अर्ज दोन-तीन महिने आधी करावा.

धुक्यात कॅमेऱ्याचे मोजमाप फसते. पांढरे दिसले की तो प्रकाश कमी करतो आणि धुके राखाडी, मळके येते. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवून घ्यावे. पावसाच्या रेघा दिसायला हव्या असतील तर सेकंदाचा साठावा ते सव्वाशेवा भाग, थेंब थिजवायचे असतील तर पाचशेवा. गार गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर बाष्प धरते आणि पुसले की पुन्हा धरते. पिशवीचे तोंड बंद ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्यावे. रात्री डब्यात सिलिका जेल हवेच, नाहीतर श्रावण संपेपर्यंत भिंगात बुरशीचे जाळे दिसते.

घोड्याच्या पाच चौकटी

निकितिनच्या घोड्याचे चित्र कुठेच नाही. तरी घोडा दिसायला हवा. त्यासाठी पाच चित्रे वेगवेगळ्या भिंतींवर, पण एकाच उंचीवर आणि एकाच अरुंद काळ्या पट्टीत लावायची, म्हणजे डोळा त्यांना जोडत जातो.

पहिले, होर्मुझच्या किनाऱ्यावरची लाकडी नाव. तो ज्या जहाजात घोड्यांसह चढला त्याला तो ‘तावा’ म्हणतो. दुसरे, चौलच्या कुंडलिका खाडीचा ओहोटीचा चिखल, त्यात खुरांचे ठसे, बैलाचे असले तरी चालतील, पण ओळीत तसे लिहायचे. तिसरे आमचे सर्वांत आवडते. घोड्यांना इथे हरभरा खाऊ घालतात, आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असे तो लिहितो. पितळी परातीत भिजवलेला हरभरा, शेजारी मातीच्या भांड्यात वाफाळती तांदळाची खिचडी, वरून तेलाची धार, उत्तरेच्या खिडकीचा मऊ उजेड. मिरची आणि बटाटा कुठेही नको, ती दोन्ही इथे नंतर आली. चौथे, जुन्नरचे बंद लाकडी दार. इथे असद खानाने त्याचा घोडा जप्त केला. इस्लाम स्वीकारलास तर घोडा आणि हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही जाईल आणि हजार मोहरा तुझ्याकडून घेईन, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. ख्रिस्ताच्या रूपांतराचा सण जवळ आला होता, आजच्या पंचांगाने १५ ऑगस्टच्या आसपासचा दिवस. खुरासानच्या महंमद नावाच्या खजिनदाराने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. परमुलखात एका मुसलमानाने एका ख्रिस्ती परदेशी माणसाची बाजू घेतली, हे फलकावर सरळ लिहावे. पाचवे, बीदर. वर्षभर सांभाळलेला घोडा त्याने तिथे नाताळाच्या सुमारास विकला. चित्रात रिकामे दावे, बस्स.

भिंत आणि ओल

जूनअखेरच्या हवेत साधा सनबोर्ड आठवड्यात पोटासारखा फुगतो. कारण पुढच्या बाजूला चिकटवलेला कागद दमट हवेत ताणतो आणि मागची बाजू तशीच राहते. उपाय दोन: मागेही त्याच जातीचा कागद चिकटवून ताण सारखा करणे, किंवा चित्र ३ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पत्र्यावर बसवणे. आम्ही दुसरा घेऊ. छपाई पिगमेंट शाईने मॅट कागदावर. चकचकीत कागदावर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब चित्रापेक्षा ठळक दिसते.

काच की अ‍ॅक्रिलिक? ९२ बाय ६७ च्या चौकटीत २ मिलिमीटर काचेचे वजन ३ किलो होते, तेवढ्याच अ‍ॅक्रिलिकचे दीड. मुले येणार आहेत, भिंत जुनी चुन्याची आहे, तेव्हा अ‍ॅक्रिलिक. चित्र आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यामध्ये माउंटची जाडी किंवा पट्टी हवीच. थेट टेकले की ओलीने शाई चिकटते आणि सोलताना चित्र जाते. चौकटीच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना सेंटीमीटरभर जाडीचे रबरी बूच लावावे, म्हणजे मागून हवा खेळते आणि भिंतीची ओल वर चढत नाही. नळ ज्या भिंतीमागून जातो तिथे काहीही लावू नये.

उंचीचा हिशेब एकदाच करून भिंतीवर दोरा मारावा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटर. आडव्या चौकटीची उंची ६७, निम्मी ३३.५, म्हणजे वरची कड १७८.५ वर. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंटीमीटर खाली राहते, म्हणून खिळा १७०.५ वर. उभ्या चौकटीला हाच खिळा १८३ वर येतो. तारेच्या जागी सुतळी वापरू नका, पावसात सुतळी सैल पडते आणि सकाळी चौकटी वाकड्या दिसतात.

दिवे छतात भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर. चित्राच्या मध्यापासून छत दीड मीटरवर आहे, तिथून प्रकाश तीसएक अंशांनी पडतो आणि पाहणाऱ्याची सावली चित्रावर येत नाही. चित्रावर १५० ते २०० लक्स पुरे. शाळेच्या ट्यूबलाइट त्या दिवसांत बंद ठेवाव्या.

नकाशा आणि मजकूर

नेहमीचा मर्केटर नकाशा इथे खोटे बोलतो. त्वेर जवळपास ५७ अंश उत्तरेला, चौल साडेअठरावर. या नकाशात त्वेरजवळची व्होल्गा चौलच्या मानाने पावणेदोन पट लांब दिसते, आणि आपला घाट चिमटीएवढा. शंकू-प्रक्षेपाचा नकाशा घ्यावा. वाटेची रेघ जिथे दोन्ही टोके निश्चित आहेत तिथेच अखंड, बाकी तुटक. चौल-जुन्नरच्या तुकड्याचा मोठा नकाशा वेगळा, आणि त्यावर किलोमीटरऐवजी दिवस लिहावे.

चित्राखालची ओळ साठ शब्दांच्या आत, अक्षर २४ ते २८ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीचे अंतर दिले की ते एकमेकांत घुसतात. युनिकोडमधला मजकूर छापणाऱ्याकडे जुन्या फाँटमध्ये बदलला जातो तेव्हा ‘पऱ्ह्या’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ हमखास मोडतात आणि ‘श्री’चे तुकडे होतात. मजकूर वक्ररेषांत बदलून पीडीएफ द्यावी आणि एक फलक पूर्ण आकारात आधी छापून दोघांनी मोठ्याने वाचावा.

नावांची एक छोटी पट्टी वेगळी लावण्यासारखी आहे. चौलला तो ‘चिविल’ म्हणतो, जुन्नरला ‘चुनेर’, बीदरला ‘बेदेर’. ‘ह’ त्याच्या लिपीत ‘ग’ होतो, म्हणून होर्मुझ ‘गुर्मिझ’ आणि हिंदुस्थान ‘गुंदुस्तान’. मुलांना हे फार आवडते, ती मोठ्याने वाचतात.

चौलच्या माणसांबद्दल तो लिहितो की ती उघड्या अंगाने फिरतात, आणि आपण कुठेही गेलो तरी गोरा माणूस पाहायला लोक मागे लागतात. ही दोन्ही वाक्ये एकत्रच छापायची. कोण कोणाकडे आश्चर्याने पाहत होते, ते तेव्हाच नीट समजते. आणि हा मजकूर आजच्या चौलच्या कोणा बाईच्या वा माणसाच्या चेहऱ्याशेजारी मुळीच लावायचा नाही. तिथे नारळाची वाडी लावावी. ज्यांचे चेहरे प्रदर्शनात आहेत त्यांची लेखी संमती हवी, आणि शक्य असेल तर त्यांना एक छापील प्रत द्यावी.

शेवटची भिंत

दाभोळहून त्याचे जहाज वाऱ्याने भरकटून हबशांच्या, म्हणजे आफ्रिकेच्या, किनाऱ्याला लागले. तिथून मस्कत, होर्मुझ, शिराझ, तब्रिझ, त्रेबिझोंद, काळा समुद्र आणि काफ्फा, म्हणजे आजचे फेओदोसिया. काफ्फाची, इटलीतल्या जिनोवाकरांनी बांधलेली तटबंदी चौदाव्या शतकातली आहे, हिरवा ठिपका. तिथे आज जाऊन चित्र घेणे सोपे नाही, जुने परवानाधारक चित्र मिळवावे.

त्यानंतर स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला, असे टिपणांच्या आरंभी नोंदवले आहे. कोणत्या गावी, कोणत्या वाटेवर, ते त्या नोंदीत नाही. त्याच्या हातची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला तिथल्या महाराजांचा कारकून वासिली मामिरेव याच्याकडे पोहोचवली, ते साल १४७५.

शेवटची, छत्तिसावी चौकट उभी असावी, दाराच्या डाव्या हाताला, बाहेर पडताना चेहऱ्यासमोर येईल अशी. चित्र रेवदंड्याच्या किनाऱ्याचे, ट्रिनिटीच्या सुमाराचे. समुद्र गढूळ, ढग खाली उतरलेले, पहिली सर अजून पाण्यावरच, आणि वाळूवर कोणी नाही. ठिपका हिरवा.